पाण्याची पाळी आधी, खड्डे नंतर: वस्तीत वनबाग कशी उभी करावी

सार्वजनिक जागेत लावलेली झाडं रोगानं कमी आणि तहानेनं जास्त मरतात. लागवडीच्या दिवशी उत्साह एवढा असतो की फावडी कमी पडतात. दोन-तीन महिन्यांनी ऊन तापायला लागतं, तेव्हा बादली कुणी उचलायची हे ठरलेलंच नसतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी पाणी घालत असेल. म्हणून हा लेख झाडांइतकाच माणसांबद्दल आहे, आणि त्यातल्या पायऱ्यांचा क्रम थोडा उलटा वाटेल. खड्डा खणायची वेळ बरीच उशिरा येते.

वनबाग म्हणजे काय, आणि काय नाही

वनबागेला बरेच जण ‘फूड फॉरेस्ट’ म्हणतात. जंगलाची ठेवण घ्यायची आणि तिच्यात माणसाच्या उपयोगाच्या वनस्पती बसवायच्या, एवढीच कल्पना. वर उंच झाडं, त्यांच्याखाली बुटकी फळझाडं, मग झुडपं, मग पालेभाज्या आणि औषधी वनस्पती, जमिनीला चिकटून पसरणारं आच्छादन, मातीत कंद, आणि या सगळ्यांच्या आधारानं वर चढणारे वेल. हे सात थर इंग्लंडमधल्या रॉबर्ट हार्ट यांनी मांडले. श्रॉपशर परगण्यात वेनलॉक एज इथल्या आपल्या छोट्या शेतावर ते १९६० च्या दशकापासून काम करत होते. शब्द आणि मांडणी त्यांची, पण पद्धत फार जुनी. जावा बेटावरची ‘पेकारांगन’, केरळमधल्या घराभोवतीच्या बागा, किलिमांजारोच्या उतारावरच्या चग्गा लोकांच्या केळी आणि कॉफीच्या बागा, सगळीकडे हीच थरांची रचना पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. त्यामुळे लोकांना सांगताना ‘नवं तंत्र’ म्हणून सांगू नका. ज्यांच्या आजीच्या परसात असंच काहीतरी होतं, ते लोक लगेच जवळ येतात.

मियावाकी पद्धतीच्या घनवनाशी हिची गल्लत करू नका. तिथे चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीनं लावतात आणि काही वर्षांनी माणूस बाजूला होतो. वनबागेत माणूस कायम आत असतो, छाटतो, तोडतो, खातो. त्यासाठी खालच्या थरांपर्यंत ऊन पोचावं लागतं, म्हणून झाडं विरळ लागतात. घनवनाच्या अंतरावर फळझाडं लावली तर पाच वर्षांनी हाती फक्त उंच, बारीक खोडं येतात.

हवामानाबद्दल काय सांगायचं

बहुतेक जण सुरुवात कार्बनपासून करतात. माझं मत याच्या उलट आहे: कार्बनचा मुद्दा शेवटी आणा, आणि खरा आकडा सांगा. झाडाच्या कोरड्या वजनातलं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं. म्हणजे १०० किलो कोरड्या वजनाच्या झाडात ५० किलो कार्बन, आणि त्यासाठी त्यानं हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १८३ किलो. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षानुवर्षं वाढलेलं ते झाड म्हणजे जवळपास ८० लिटर पेट्रोल, मोटारीच्या दोन टाक्या! ‘आपली बाग पृथ्वी वाचवेल’ असं सांगून माणसं जमवलीत, तर हे गणित करणारा कुणीतरी पहिल्याच सभेत उभा राहतो, आणि त्याचं बरोबर असतं.

वनबागेचा खरा जोर आहे तो बदलत्या हवामानात तगून राहण्यात. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशानं वाढलेलं होतं. याचा अनुभव सगळ्यांना आहे: पाऊस आला की कोसळतो, आणि दोन पावसांमधली उघडीप लांबते. उघड्या, कडक मातीवर असा पाऊस पडला की पाणी वाहून जातं आणि वरची सुपीक मातीही सोबत नेतं. पालापाचोळ्यानं झाकलेल्या, मुळांनी भुसभुशीत झालेल्या जमिनीत तेच पाणी मुरतं. उन्हाळ्यात सावली मिळते, आणि पानांतून बाष्प बाहेर पडताना आसपासची हवा थोडी थंड होते. एखादं पीक बुडालं तरी बागेतल्या उरलेल्या पंचवीस-तीस जातींपैकी काहीतरी हाताला लागतंच.

सावली, मुरणारं पाणी, आणि सगळं एकदम न बुडण्याची हमी. लोकांशी या तीन गोष्टींवर बोला.

पहिली पायरी: पाच माणसं, मग जमीन

जागा शोधायच्या आधी पाच माणसं शोधा. पन्नास नकोत. या पाचांत एकाला रोपांची समज हवी, एकाला हिशेब ठेवता यायला हवा, एक माणूस असा हवा ज्याला परिसरातलं प्रत्येक दार ठाऊक आहे, आणि निदान दोघं अशी हवीत जी रोज त्याच वाटेनं जातात-येतात. शेवटच्या दोघांचं महत्त्व सर्वांत जास्त. रोज नजरेखालून जाणारी बाग जगते, सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जावं लागणारी सुकते.

मग घरोघरी जा. पण ‘आम्ही वनबाग करतोय, येणार का?’ असं विचारू नका. तक्रार विचारा. उन्हात मुलं कुठे खेळतात? पावसात पाणी कुठे तुंबतं? भाजी किती लांबून आणावी लागते? वयस्कर माणसांना विचारा, पूर्वी इथे कोणती झाडं होती आणि ती का गेली. दोन-तीन आठवड्यांत तुमच्या वहीत अशी माहिती गोळा होते जी कुठल्याच नकाशावर सापडणार नाही. पुढे सभा घ्याल तेव्हा याच तक्रारी त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवा. लोकांना ती बाग आपल्या गरजेतून उगवलेली वाटायला हवी, आणि ती खरोखर तशी असायला हवी.

दुसरी पायरी: जागा आणि तिचा कागद

पहिल्या वेळी २०० ते ५०० चौरस मीटर जागा पुरे. कमी वाटेल, पण एवढ्या जागेतही पन्नासेक झाडं-झुडपं बसतात आणि पाच-दहा घरं ती सांभाळू शकतात. मोठ्या जागेचा मोह आवरणं हे या कामातलं अवघड काम आहे. आम्ही पहिल्यांदा मिळाली तेवढी सगळी जागा एकाच हंगामात लावली आणि पुढचं अख्खं वर्ष तणाच्या मागे धावण्यात गेलं.

जागेची मालकी कुणाचीही असो, परवानगी लेखी घ्या आणि निदान दहा वर्षांची घ्या. फळझाड भरात यायलाच पाच ते आठ वर्षं लागतात. झाडाची, फळांची आणि छाटलेल्या लाकडाची मालकी कुणाची, हेही त्याच कागदात लिहा. ही कागदी बाब किती निर्णायक ठरते ते नायजर देशात दिसलं. तिथे १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ आणि स्थानिक शेतकरी यांनी तोडलेल्या झाडांच्या जिवंत खुंटांवरचे फुटवे राखायला सुरुवात केली. पूर्वी झाड सरकारचं समजलं जाई, म्हणून राखण्यात शेतकऱ्याचा फायदा नव्हता. झाड आपलं आहे असं शेतकऱ्यांना वाटू लागलं, तेव्हा ही पद्धत गावोगाव पसरली. आज सुमारे ५० लाख हेक्टरवर तिचा परिणाम दिसतो असं मानलं जातं, आणि त्यातली बरीचशी झाडं कुणी लावलेलीच नाहीत. तुमच्या जागेतही आधी जमिनीकडे बघा. जिवंत खुंट, आपोआप उगवलेली रोपं, जुनी मुळं यांचा फायदा विकतच्या रोपापेक्षा जास्त होतो, कारण त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असतात.

जागा नक्की करण्याआधी चार गोष्टी तपासा. पाण्याचा नळ, विहीर किंवा टाकी किती लांब आहे? वरून विजेच्या तारा आणि खालून पाइप कुठून जातात? पूर्वी तिथे कारखाना, गॅरेज, कचरा किंवा जुन्या रंगवलेल्या इमारतीचा राडारोडा होता का? तसं असेल तर मातीत शिसं आहे का याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. पालेभाज्या आणि कंद हे शिशासाठी फळांपेक्षा जास्त धोक्याचे असतात. चौथी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: ही जागा मुळात झाडांची आहे का? नैसर्गिक गवताळ माळ किंवा पाणथळ जागा ‘रिकामी’ दिसते, पण तिथे तिचं स्वतःचं जीवन असतं. अशा जागेवर वनबाग लावू नका. आधीच बिघडलेली, पडीक, वापरात नसलेली जागा शोधा.

तिसरी पायरी: बघत बसणं

शक्य असेल तर वर्षभर, नसेल तर निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जागेचं निरीक्षण करा. लोक याला कंटाळतात. त्यांना याच काळात गुंतवायचं असतं, म्हणून निरीक्षणाचे उद्योग वाटून द्या.

मुसळधार पाऊस पडत असताना छत्री घेऊन जागेवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं ते कागदावर काढा. हे काम मुलं फार आनंदानं करतात. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावलीच्या कडेला खुंट्या ठोका. पाण्याचा निचरा बघायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा काढून पाण्यानं भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरते ते मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा वाईट. तिथे उंचवटे करून त्यांवर लागवड करावी लागेल. माती ओळखायला काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी घालून खूप हलवा आणि दिवसभर ठेवा. वाळू तळाशी बसते, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती. थरांची उंची मोजली की प्रमाण कळतं.

पाण्याचा हिशेब याच वेळी मांडा. पन्नास रोपांना कोरड्या दिवसांत प्रत्येकी १५ लिटर, आठवड्यातून दोनदा धरलं तर आठवड्याला १,५०० लिटर होतात. बादलीच्या भाषेत शंभर बादल्या. दहा घरांनी वाटून घेतल्या तर घरटी दहा. हा आकडा सभेत मोठ्यानं वाचा आणि मगच रोपांची संख्या ठरवा. शेजारी छप्पर असेल तर तेही मोजा: १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं, गळती वगळून त्यातलं ८०० तरी टाकीत येतं.

चौथी पायरी: नियम, लागवडीच्या आधी

मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास केल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जगभरातल्या कुरणं, पाटबंधारे, मासेमारी अशा उदाहरणांतून त्यांनी दाखवलं की सामायिक गोष्ट उजाड होणारच असं नाही. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असतील आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग वाढत जाणारी समज असेल, तर ती टिकते.

वनबागेसाठी याचा अर्थ एका पानाचा ठराव. त्यात पाण्याची पाळी वाराप्रमाणे लिहा, आणि प्रत्येक नावापुढे बदली माणसाचंही नाव लिहा. माणूस आजारी पडतो, परगावी जातो. बदली नसेल तर तिथेच साखळी तुटते. तोडणीचा नियम ठरवा: ज्याला हवं त्यानं त्या दिवसापुरतं घ्यावं, की ठरलेल्या दिवशी तोडून वाटणी करावी? सिअॅटल शहरात २०१२ साली सुरू झालेल्या बीकन फूड फॉरेस्टमध्ये बागेतलं फळ कुणीही तोडून घेऊ शकतो. तिथे ते चालतं, कारण सुरुवातीपासून तेच जाहीर केलेलं होतं. तुमच्याकडे काय चालेल हे तुम्ही ठरवा, पण पहिलं फळ लागायच्या आधी ठरवा. फळ लागल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा वाटतो.

पैशांची वही वेगळी, दोघांच्या सहीची आणि फलकावर लावलेली असावी. अवजारं कुठे राहतील, किल्ली कुणाकडे, हेही लिहा. कीटकनाशक वापरायचं की नाही हा वाद नंतर उफाळतो, तोही इथेच मिटवा. फलकावरचा ठराव दरवर्षी एकदा सगळ्यांसमोर वाचून दुरुस्त करायचा.

पाचवी पायरी: आराखडा

कागदावर जागा मापानं काढा आणि प्रत्येक झाडाचं पूर्ण वाढलेल्या घेराएवढं वर्तुळ काढा. रोपाएवढं नाही! ही चूक जवळजवळ प्रत्येक बागेत होते, कारण दोन फुटी रोपांमधली सहा मीटरची मोकळी जागा डोळ्यांना खुपते. ती जागा पहिल्या वर्षांत भाज्यांसाठी आहे, घाबरू नका.

थंड प्रदेशात, विषुववृत्ताच्या उत्तरेला, उंच झाडं उत्तर बाजूला ठेवा म्हणजे खालच्या थरांना दक्षिणेकडून ऊन मिळतं; दक्षिण गोलार्धात याच्या उलट. उष्ण प्रदेशात उंच झाडं पश्चिमेला ठेवली की दुपारचं कडक ऊन अडतं. मधे मुख्य वाट निदान दीड मीटर रुंद ठेवा. ढकलगाडी जायला हवी, आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यालाही.

जाती निवडताना आजचं नाही, पंचवीस वर्षांनंतरचं हवामान डोळ्यांसमोर ठेवा. सफरचंदासारख्या झाडांना हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते. हिवाळे उबदार होत गेले तर कमी थंडीत फुलणाऱ्या जातीच टिकतील. एकाच जातीची दहा झाडं लावण्यापेक्षा वेगवेगळ्या जातींची लावा, काही लवकर फुलणारी, काही उशिरा. अवकाळी पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत एकाचा मोहोर गेला तर दुसऱ्याचा वाचतो. पपई, खजूर, किवी यांसारख्यांत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेही बघा.

खाण्याच्या झाडांबरोबर मदतनीस झाडंही हवीत. तूर, गिरिपुष्प, शेवरी यांसारखी शेंगवर्गीय झाडं हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि छाटलेल्या पाल्याचं आच्छादन होतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत अशा झाडांची संख्या फळझाडांपेक्षा जास्त ठेवायला हरकत नाही, नंतर ती कमी करत जायची. सुबाभूळही नत्र देते आणि झपाट्यानं वाढते, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे. फुकट मिळाली तरी लावू नका. आपल्या भागातल्या आक्रमक वनस्पतींची यादी वनखात्याकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे मागा.

सहावी पायरी: माती आणि लागवड

लागवडीच्या दोन-तीन महिने आधी गवतावर साधा पुठ्ठा (चकचकीत छपाईचा आणि चिकटपट्टीचा नको) ओला करून अंथरा आणि त्यावर १० ते १५ सेंटिमीटर पालापाचोळा, काडीकचरा, लाकडाचा भुसा घाला. गवत गुदमरतं, गांडुळं येतात, खोदणं सोपं जातं. भुसा फक्त वर पसरा, मातीत मिसळलात तर तो कुजताना मातीतला नत्र खातो. उतार असेल तर समपातळीवर उथळ चर काढा आणि काढलेल्या मातीचा बांध खालच्या बाजूला घाला. अति उतारावर किंवा इमारतीच्या पायाला लागून मात्र चर नकोत.

रोपवाटिकेत सर्वांत उंच रोप घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. छोट्या पिशवीत उंच वाढलेल्या रोपाची मुळं आत गोल फिरलेली असतात आणि ती पुढेही तशीच राहतात. मध्यम उंचीचं, जाड खोडाचं रोप जास्त चांगलं जगतं. पिशवी काढल्यावर गोल फिरलेली मुळं हातानं सैल करा, फारच घट्ट असतील तर बाजूनं उभी कापा. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच जमिनीत ठेवा, आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील याकडे लक्ष द्या. खड्ड्यात भरमसाट शेणखत घालायची सवय आहे. त्यापेक्षा काढलेली मातीच परत भरा आणि कुजलेलं खत वरून पसरा, म्हणजे मुळं खत शोधत खड्ड्यातच न राहता बाहेर पसरतात. आळं करा, भरपूर पाणी द्या, आच्छादन घाला, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. खोडाला चिकटलेल्या ओल्या पाल्यानं साल कुजते.

लागवडीचा दिवस दोन तासांत संपवा. खड्डे आदल्या दिवशी तयार, रोपं जागेवर मांडलेली, प्रत्येक रोपाला दोघं. भाषण एकच, तेही पाण्याच्या पाळीचं. प्रत्येक रोपावर जातीचं आणि लावणाऱ्याचं नाव असलेली पट्टी बांधा. नाव असलेल्या रोपाला माणूस वळून बघतो.

दुसरं आणि तिसरं वर्ष

उत्साह इथे ओसरतो. झाडं अजून गुडघ्याएवढी आहेत, फळं नाहीत, तण मात्र भरपूर. म्हणून पहिल्याच हंगामात मोकळ्या जागेत भोपळा, काकडी, घेवडा, मुळा अशी झटपट येणारी पिकं घ्या. लोकांना तीन महिन्यांत काहीतरी घरी न्यायला मिळालं पाहिजे. भोपळ्याचा वेल जमीनही झाकतो आणि तण दाबतो, त्यामुळे मी त्याला वनबागेतलं सर्वांत कमी लेखलेलं पीक मानतो.

दर सहा महिन्यांनी जिवंत रोपं मोजा आणि मेलेल्यांची संख्याही फलकावर लिहा. मेलेली लपवली की पाणी न घालणाऱ्यालाही बरं वाटतं. पाणी हळूहळू कमी करा, पण थोडं-थोडं रोज देण्यापेक्षा अंतरानं आणि भरपूर द्या, म्हणजे मुळं खोल जातात. मदतनीस झाडं छाटून तिथेच फळझाडांखाली टाका. कोरड्या भागात घरांजवळचं आच्छादन उन्हाळ्यात पातळ करा. सुका पाला पेटतो.

शंका घेणाऱ्यांशी

‘साप येतील.’ येऊ शकतात. वाटा कापून मोकळ्या ठेवा, पाल्याचे आणि लाकडाचे ढीग वाटेपासून आणि घरांपासून लांब करा, काम करताना हातमोजे आणि बूट घाला. ‘डास होतील.’ डास साचलेल्या पाण्यात होतात, मातीत मुरलेल्या नाही. टाक्यांना जाळी लावा, डबकी राहू देऊ नका. ‘फांदी पडली तर?’ हा प्रश्न योग्य आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नका. वाटांवर आणि बाकांवर येणाऱ्या फांद्यांची दरवर्षी छाटणी ठेवा, उंच झाडांसाठी जाणकार माणसाला बोलवा, आणि जबाबदारी कुणाची ते परवानगीच्या कागदात लिहून घ्या. ‘चोरी होईल.’ होईलच. सगळी फळं चोरीला जाणं आणि काही फळं जाणं यात फरक आहे, आणि वाटेलगत थोडी झाडं ‘येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी’ असा फलक लावून ठेवली तर आतली बरीचशी वाचतात.

पसरवायचं कसं

मोजमाप दाखवणं हा सर्वांत चांगला प्रचार. दोन साधे तापमापक घ्या, दोन्ही झाकलेले आणि जमिनीपासून सारख्याच उंचीवर, एक बागेच्या सावलीत आणि एक बाहेरच्या मोकळ्या जागेत. उन्हाळ्यात दुपारी एकाच वेळी दोन्ही वाचून फलकावर लिहीत जा. तळ काढलेला डबा जमिनीत थोडा रोवून त्यात एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते बागेत आणि बाहेर मोजा. दरवर्षी त्याच महिन्यात. तोडलेल्या फळांचं वजन वहीत लिहा. तीन वर्षांनी हे आकडे घेऊन स्थानिक प्रशासनाकडे गेलात तर दुसऱ्या जागेची मागणी करताना बोलावं कमी लागतं.

शाळेच्या मुलांना बी गोळा करायला, छाटणी शिकवायला वृद्धांना, फाटे कलम करायला ज्याला येतं त्याला बोलवा. प्रत्येकाला एक काम असं द्या की त्याच्यावाचून ते अडेल. बागेच्या कोपऱ्यात दोन वाफ्यांची रोपवाटिका ठेवा: छाटणीतल्या फांद्यांचे छाट, गळलेल्या फळांच्या बिया, केळीचे मुनवे, कंदांचे तुकडे. दुसऱ्या वस्तीतले लोक बाग बघायला येतील, रोपं मागतील. आनंदानं द्या, पण त्याआधी त्यांची पाण्याच्या पाळीची वही बघायला मागा.